पालकत्वाच्या शैली आणि आज्ञाधारकतेचे मानसशास्त्र : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मराठवाड्यातील ग्रामीण कुटुंबात मुलीचे कौतुक करताना 'शब्दाबाहेर नाही', 'मान वर करून बोलत नाही' असे आवर्जून सांगितले जाते. आज्ञाधारकता हा उत्तम संगोपनाचा पुरावा मानला जातो. मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र आज्ञाधारकता हा एकजिनसी गुण नाही. कारण पटल्यामुळे पाळलेली आज्ञा आणि केवळ धाकापोटी पाळलेली आज्ञा बाहेरून सारख्याच दिसतात. आज्ञा योग्य असते तोपर्यंत त्यांतील फरक लक्षात येत नाही. आज्ञा अयोग्य असते तेव्हाच तो उघड होतो. बीड जिल्ह्यात असा प्रसंग हजारो मुलींच्या वाट्याला बालविवाहाच्या रूपाने येतो. त्या अनुषंगाने पालकत्वाच्या शैली आणि आज्ञाधारकता यांच्या संबंधाचे विवेचन येथे केले आहे.

पालकत्वाच्या शैली :

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या. हुकूमशाही शैलीत नियम कडक असतात, त्यांची कारणे सांगितली जात नाहीत आणि प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरतो. अनिर्बंध शैलीत माया भरपूर असते, परंतु शिस्तीचा आग्रह नसतो. समंजस शैलीत नियम ठाम असतात, मात्र त्यांची कारणे समजावून सांगितली जातात आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी उपेक्षेची चौथी शैली त्यांत जोडली. शिस्त आणि समंजसपणा परस्परविरोधी नाहीत, हा या वर्गीकरणाचा मुख्य बोध आहे. धाक कमी करणे म्हणजे मुलांना मोकाट सोडणे नव्हे.

हे वर्गीकरण जसेच्या तसे आपल्याकडे लागू करताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी वंशाच्या कुटुंबांविषयी लिहिताना दाखवून दिले की, बाहेरून कठोर वाटणाऱ्या संगोपनामागे 'वळण लावण्याची' जिव्हाळ्याची भावना असू शकते. मराठी घरातील आईवडिलांचा धाकही बहुधा मायेपोटीच असतो. म्हणून धाक होता की नाही एवढ्यावर न थांबता, मुलाला 'का?' असे विचारण्याची मुभा होती की नाही, हेही पाहिले पाहिजे.

आज्ञाधारकतेचा प्रयोग :

स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सहभागी व्यक्तीला 'शिक्षका'ची भूमिका देण्यात आली होती. समोरचा 'विद्यार्थी' चुकला की त्याला वाढत्या तीव्रतेचा विजेचा धक्का द्यावा, अशी सूचना होती. प्रत्यक्षात धक्के बसत नव्हते, परंतु सहभागी व्यक्तीस ते ठाऊक नव्हते. ४० पैकी २६ जणांनी प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून ४५० व्होल्टची शेवटची कळही दाबली. त्यांतील अनेक जण कमालीचे अस्वस्थ झाले होते, तरी थांबले नाहीत. या प्रयोगावर नैतिक दृष्टीने सर्वप्रथम गंभीर आक्षेप घेणाऱ्यांत १९६४ मध्ये स्वतः बॉमरिंड होत्या, ही बाब येथे उल्लेखनीय आहे. अलीकडे जिना पेरी यांनीही (२०१२) मूळ नोंदी तपासून प्रयोगाच्या विश्वसनीयतेविषयी प्रश्न उपस्थित केले आहेत. त्यामुळे त्यातील टक्केवारीपेक्षा परिस्थिती बदलली असता आज्ञापालन कसे बदलते, हा भाग अधिक उपयुक्त ठरतो.

प्रयोगकर्ता खोलीत न थांबता दूरध्वनीवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत आज्ञा पाळणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. सोबतच्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी केवळ ४ जण शेवटपर्यंत गेले. याचा अर्थ असा की, आज्ञाधारकता केवळ बालपणीच्या संस्कारांनी ठरत नाही; सत्ता किती जवळ उभी आहे आणि नकार देणारा सोबती आहे का, यांवरही ती अवलंबून असते.

बीड जिल्ह्यातील वास्तव :

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला होता. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. या तफावतीचे खापर केवळ पालकांच्या माथी फोडणे अन्यायाचे ठरेल. जिल्ह्यातील लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवराबायकोची जोडी मिळून 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हंगामभर ती फेडली जाते. वयात आलेल्या मुलीला फडावर न्यावे तर सुरक्षिततेची चिंता, गावी ठेवावे तर सांभाळणार कोण, अशा कोंडीत लग्न हाच उपाय वाटतो.

येथे समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोहन यांचे १९६९ मधील विवेचन मार्गदर्शक ठरते. ज्यांच्या कामात वरिष्ठांचे ऐकण्यावाचून गत्यंतर नसते, ते पालक मुलांमध्येही आज्ञाधारकतेला अधिक मोल देतात. ज्यांना कामात स्वतः निर्णय घेता येतात, ते स्वयंनिर्णयाला महत्त्व देतात. मुकादमाला उलट उत्तर दिल्यास उचलीचा व्यवहार मोडतो, हे अनुभवाने जाणणारा बाप मुलीला गप्प राहण्याचे वळण लावतो. त्याच्या जगात ते शहाणपणच असते. परंतु तेच वळण मुलीला तिच्या स्वतःच्या हिताच्या प्रसंगी मुके करते.

कायदा आणि नकाराची क्षमता :

बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ यातील तरतुदी या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवकाकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. १०९८ या क्रमांकावर कोणालाही, खुद्द मुलीलाही, कळविता येते. कलम ३ नुसार बालवयात विवाह झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेण्याचा अधिकार आहे. मात्र हा अधिकार ज्या व्यक्तीने वापरायचा, तिला वडिलांच्या, सासरच्या आणि जातीतील जाणत्यांच्या इच्छेविरुद्ध उभे राहावे लागते. 'मान वर करून न बोलणारी' मुलगी हा अधिकार कसा वापरणार? कायदा जी नकाराची क्षमता गृहीत धरतो, ती हुकूमशाही संगोपनात घडतच नाही.

शिक्षणसंस्थांची भूमिका :

मिलग्रॅमच्या प्रयोगांतील सोबत्यांच्या नकाराचा निष्कर्ष येथे आशादायक ठरतो. घरातील वळण बदलण्यास पिढी लागेल, परंतु मुलीला सोबत मिळवून देणे आजही शक्य आहे. ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठीची हंगामी वसतिगृहे मुलांना गावातच शाळेत टिकवून ठेवतात. त्याचबरोबर, कळत-नकळत, समवयस्कांचा असा गट निर्माण करतात ज्यात 'मला शिकायचे आहे' हे वाक्य एकटीला उच्चारावे लागत नाही. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरेही हे कार्य करू शकतात.

दुसरी बाब अध्यापकांशी थेट संबंधित आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. परंतु छडी गेली तरी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे वक्र दृष्टीने पाहण्याची सवय अनेक वर्गांत टिकून आहे. शांत वर्ग म्हणजे शिस्तीचा वर्ग, ही समजूत घरातील धाकाचेच विस्तारित रूप होय. एकदाही शंका न विचारता तीन वर्षे वर्गात बसणारी विद्यार्थिनी आदर्श विद्यार्थिनी आहे की गप्प राहण्याचे वळण पुरते अंगवळणी पडलेली मुलगी आहे, हे तपासणे अध्यापकाच्याच हाती असते.

समारोप :

सारांश, आज्ञाधारकता दोषास्पद नाही. कारणाविना आणि प्रश्नाविना पाळली जाणारी आज्ञा धोक्याची आहे. समंजस पालकत्व मुलाला आज्ञा पाळायला शिकवते आणि ती केव्हा पाळू नये याचाही विवेक देते. बीड जिल्ह्यातील कष्टकरी पालकांकडून या शैलीची अपेक्षा करताना त्यांच्या जगण्यातील मुकादम, उचल आणि स्थलांतर विसरता येणार नाही. ज्यांना स्वतःला कधी नाही म्हणता आले नाही, त्यांनी मुलीचे 'नाही' ऐकून घ्यावे, ही अपेक्षा मोठी आहे. ते ऐकून घेण्याची सुरुवात ज्यांना तुलनेने सोपी आहे, त्यांनी, म्हणजे अध्यापकांनी, आपल्या वर्गापासून केली पाहिजे.