विस्मृतीचा रोग आणि ध्वनीचा उपचार

पंढरपूर तालुक्यांतील आमच्या करकंब गांवीं एखादे आजोबा आपल्याच नातवाला 'तूं कोणाचा रे?' असें विचारूं लागले, म्हणजे घरचीं माणसें 'म्हातारचळ लागला' म्हणून हंसतात किंवा त्यांच्यावर रागावतात. परंतु पुष्कळदां हा नुसता वयाचा दोष नसून मेंदूचा रोग असतो. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून त्यास अल्झायमरचा रोग म्हणतात. 'अस्तु' या मराठी चित्रपटांत याच रोगानें ग्रासलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनीं केली आहे. ते स्वतः मानसरोगांचे वैद्य आहेत.

या रोगांत अमायलॉइड नांवाच्या द्रव्याच्या गुठळ्या मेंदूंत साचतात आणि स्मृति हळूहळू लोपत जाते. मग औषध देऊन त्या गुठळ्या कां काढूं नयेत? अडचण अशी, कीं गांवाला जशी वेस, तशी मेंदूलाही एक वेस आहे. मेंदूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, कीं रक्तांतील विषारी पदार्थ आंत शिरूं शकत नाहींत. परंतु हीच वेस बहुतेक औषधांनाही अडविते.

ही वेस थोडा वेळ उघडण्याचें काम आतां ध्वनीकडून करवून घेतात. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनें असलेला ध्वनि मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं. दवाखान्यांतील सोनोग्राफी त्याच ध्वनीनें होते. भिंगानें सूर्यकिरण एका बिंदूवर आणले असतां कापूस पेटतो, हें आपण वर्गांत पाहिलेंच आहे. त्याचप्रमाणें अनेक बाजूंनीं सोडलेल्या ध्वनिलहरी कवटी न उघडतां मेंदूंतील नेमक्या जागीं एकत्र आणितां येतात. येथें मात्र जाळावयाचें नसतें. रक्तांत अगोदर वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडलेले असतात. ध्वनीच्या योगानें ते थरथरतात, पेशींचे सांधे किंचित् सैल होतात व औषध आंत जातें. सुमारें एका दिवसांत वेस पुन्हां मिटते.

कॅनडांतील टोरांटो येथील वैद्यांनीं हा प्रयोग पांच रोग्यांवर करून, वेस सुरक्षितपणें उघडून मिटविता येते, असें २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया येथें तीन रोग्यांना ध्वनीबरोबर औषधही दिलें. ध्वनि दिलेल्या भागांतील गुठळ्या ध्वनि न दिलेल्या भागांपेक्षां सरासरीनें सुमारें ३२ टक्के अधिक कमी झाल्या, असें जानेवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध झालें.

तथापि वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गुठळ्या कमी होणें आणि गेलेली स्मृति परत येणें या दोन गोष्टी एक नव्हेत. तीन रोग्यांवरून सर्वांविषयीं निर्णय करितां येत नाहीं, आणि हा उपचार अद्याप परीक्षेच्या अवस्थेंत आहे. म्हणून 'खात्रीनें बरें करितों' असें कोणी सांगून पैसे मागेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. मात्र घरांतील वृद्धांची विस्मृति वाढत चालल्यास त्यांना वैद्याकडे अवश्य न्यावें. कारण विस्मृतीचीं कांहीं कारणें औषधानें दूर होण्यासारखींही असतात.

आजोबांनीं पुन्हां 'तूं कोणाचा?' असें विचारलें, तर आपण हंसूं नये. त्यांचा हात हातीं घेऊन 'आजोबा, मी तुमचाच' असें शंभर वेळां सांगावें. विद्या आपलें काम करीत आहे. तोंवर ही सेवा आपली आहे.