वाळवंटी नगराची स्मृती : फीनिक्सचे उदाहरण

झपाट्याने वाढणाऱ्या नगराचा इतिहास लिहिताना जुन्या रहिवाशांच्या आठवणींना कोणते प्रामाण्य द्यावे, हा प्रश्न इतिहासकाराइतकाच भाषाभ्यासकाचाही आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फीनिक्स हे नगर या दृष्टीने उद्‌बोधक ठरते. १९५० मध्ये त्याची लोकसंख्या १,०६,८१८ होती. १९६० मध्ये ती ४,३९,१७० झाली. मात्र ही सर्व वाढ स्थलांतरामुळे झालेली नव्हे. याच दशकात नगराचे क्षेत्र सुमारे १७ चौरस मैलांवरून १८७ चौरस मैलांवर गेले. आपले घर न सोडताच अनेक ग्रामवासी नगरवासी झाले. त्यांच्या दृष्टीने ते नगरात आले नाहीत, नगरच त्यांच्याकडे चालत आले.

या पिढीच्या आठवणींत काही विषय वारंवार येतात : उन्हाळ्यात जाळीच्या ओसरीवर ओल्या चादरी टांगून झोपणे, झाडांच्या सावलीतील कालव्यात पोहणे, संत्र्यांच्या बागांचा मोहोर, आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करणारी खिडकीतील यंत्रे. अशा कथनाचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ते बहुधा रीतिभूतकाळात चालते. ‘आम्ही पोहलो’ असे नव्हे, तर ‘आम्ही पोहत असू’ असे त्याचे रूप असते. रीतिभूतकाळ वारंवारता सांगतो, तिथी सांगत नाही. दोन उन्हाळ्यांचा अनुभव त्यात संपूर्ण बालपणाएवढा विस्तारतो. म्हणून अशा विधानाला प्रथम कालनिश्चिती द्यावी लागते, आणि नंतरच त्याचे मूल्यमापन करता येते.

तथापि कालनिश्चिती नाही म्हणून असे विधान असत्य ठरत नाही. ‘पूर्वी रात्री गार असत’ हे वाक्य केवळ वार्धक्याची हळहळ समजून बाजूस सारण्याचा मोह होतो. परंतु येथे तापमापक वृद्धांच्याच बाजूने साक्ष देतो. ओलिताखालील शेते बाष्पीभवनाने हवा थंड ठेवीत. त्यांच्या जागी आलेले काँक्रीट व डांबर दिवसाची उष्णता साठवून रात्री परत देते. जुलै २०२३ मध्ये तर एका रात्री किमान तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले नाही. ओसरीवरची झोप ही स्मृती म्हणजे हवामानाचाच एक पुरावा होय.

याउलट, ‘सर्वजण सर्वांना ओळखत’ हे तितकेच प्रिय वाक्य तपासून घ्यावे लागते. ‘सर्वजण’ या सर्वनामाची व्याप्ती वक्त्याच्या वस्तीपुरती असते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी तेथे वेगळे माध्यमिक विद्यालय होते. न्यायालयाने १९५३ मध्ये ही विभागणी अवैध ठरविल्यावर ते १९५४ मध्ये बंद झाले. रेल्वेमार्गाच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय व मेक्सिकन वस्त्यांच्या आठवणींत तीच वर्षे कच्च्या रस्त्यांची आणि अपुऱ्या सोयींची आहेत. दोन्ही स्मृती खऱ्या आहेत. असत्य उत्पन्न होते ते एकीलाच संपूर्ण नगराची स्मृती मानल्याने.

‘गोल्डन गेट’ या मेक्सिकन वस्तीचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी १९७० व १९८० च्या दशकांत ती उठविण्यात आली. उरले ते केवळ ‘सेक्रेड हार्ट’ हे प्रार्थनामंदिर. पुढे अनेक वर्षे पांगलेले रहिवासी नाताळला तेथे जमत. घरे, गल्ल्या, दुकाने नाहीशी झाली, तरी त्यांची नावे बोलण्यात टिकून राहिली. कारण स्थलनाम हे स्थळाहून दीर्घायुषी असते. मात्र ते जाणणाऱ्या शेवटच्या व्यक्तीहून ते दीर्घायुषी नसते.

तात्पर्य, रहिवाशांची आठवण ही दस्तऐवजाची जागा घेत नाही आणि त्याच्याहून हीनही ठरत नाही. वक्ता कोठे राहत होता, कोणत्या वर्षांविषयी बोलत आहे आणि त्याच्या ‘आम्ही’त कोण येत नाही, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तिचा उपयोग करू नये. आणि हे प्रश्न वक्ता हयात असतानाच विचारावयाचे असतात.