जाळीचे कुंपण : भाव फुटाचा, हिशोब किलोचा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत घराभोवती कुंपण घालण्याची रीत आता बदलली आहे. पूर्वी निवडुंगाची नाहीतर काट्यांची वई असे, कुठे दगडांचा गडगा असे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गावोगावी प्लॉट पडले, जमिनीला भाव आला आणि ज्याला त्याला आपली हद्द पक्की करावीशी वाटू लागली. विटांची भिंत परवडत नाही म्हणून लोक लोखंडी जाळीकडे वळतात. ही चेन लिंकची जाळी चांगली वस्तू आहे. हवा अडत नाही, पाणी तुंबत नाही, घर उघडे दिसते आणि गुरेही आत येत नाहीत. मात्र तिचा सौदा बहुतेक लोक उलटा करतात. ते दुकानदाराला विचारतात, “फुटाला काय भाव?” नुकसान इथूनच सुरू होते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. आमच्या बाजारात कोणी नुसता मीटरचा भाव विचारून ताका उचलत नाही. पन्हा किती, सूत कोणत्या नंबरचे, वीण दाट की विरळ, हे पाहूनच भाव ठरतो. जाळीही विणलेलीच असते. तिची उंची म्हणजे पन्हा, तारेचा गेज म्हणजे सुताचा नंबर आणि भोक म्हणजे वीण. नंबरचा नियमही सुतासारखाच आहे. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाड, १२ गेजची २.६४ आणि १४ गेजची जेमतेम २ मिलिमीटर.

हा फरक डोळ्याला दिसत नाही, काट्यावर दिसतो. दोन इंची भोकाच्या जाळीचे वजन दर चौरस फुटाला साधारण असे पडते : १० गेज २६० ग्रॅम, १२ गेज १७५ ग्रॅम, १४ गेज १०५ ग्रॅम. भोक तीन इंची केले की वजन एक तृतीयांशाने घटते. म्हणून ५ फूट उंच व ५० फूट लांब असे १२ गेजचे दोन इंची बंडल सुमारे ४४ किलो भरले पाहिजे. एकदोन किलो इकडेतिकडे चालेल. पण ते ३० किलोच्या आत भरले तर गेज तरी १४ कडे गेला आहे, नाहीतर भोक मोठे आहे. दुकानात काटा असतोच. वजन करून घेण्यात संकोच कसला?

आता एक हिशोब करू. पाच गुंठ्यांचा प्लॉट, ५५ फूट रुंद व ९९ फूट लांब. घेर ३०८ फूट. फाटकाचे ८ फूट सोडले तर ३०० फूट कुंपण. उंची ५ फूट, म्हणजे १५०० चौरस फूट जाळी. पोलादाचा भाव रोज हलतो, म्हणून जाळीचा दर समजुतीपुरता १०० रुपये किलो धरू. वाचकांनी त्या दिवशीचा भाव घालावा.

१२ गेजची जाळी २६२ किलो, रुपये २६,२००. १४ गेजची १५७ किलो, रुपये १५,७००. लांबीच्या फुटावर पाहिले तर पहिली ८७ रुपयांना पडते, दुसरी ५२ रुपयांना. कोणी ८० रुपये फूट सांगितले की गिऱ्हाईक खूश होते. पण त्या भावात १४ गेज गळ्यात पडला तर फुटामागे २८ रुपये, म्हणजे ३०० फुटांना ८,४०० रुपये जादा गेले.

जाळीइतकेच लोखंड खांबांत जाते. दहा फुटांवर एक धरला तर सुमारे ३२ खांब. चार कोपऱ्यांना दोन-दोन व फाटकाच्या दोन खांबांना एकेक असे १० तिरपे टेकू. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो भरतो. सात फुटी ४२ नग म्हणजे २६९ किलो. ७० रुपये दराने रुपये १८,८००. वर, मध्ये व खाली ताणायची १० गेजची तार १८ किलो, रुपये १,८००. लोखंडाची बेरीज ४६,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ८,४००. फूटभर चौरस व दोन फूट खोल खड्ड्यांना सिमेंट सुमारे १५ गोण्या, रुपये ६,०००. एकूण ६१,००० च्या आसपास. वाळू, खडी, फाटक, भाडे व मजुरी वेगळी. मजुरीचा भाव मालाच्या भावात मिसळू देऊ नये. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला भाव आधी विचारून ठेवावा, म्हणजे गावातल्या दुकानाशी बोलताना आधार राहतो.

आपल्याकडचा पाऊस विसरून चालणार नाही. भाताच्या खाचरात जुलैत माती लोण्यासारखी मऊ होते. तिथे नुसता ठोकलेला खांब जाळीच्या ताणाने आत झुकतो. कोपऱ्याचे टेकू वाचवणारा पहिल्याच पावसाळ्यात दुप्पट खर्च करतो. जाळीचे गंजणे बुडापासून सुरू होते, म्हणून ती जमिनीपासून दोन बोटे वर ठेवावी. तारेचे कापलेले टोक उघडे असते, त्याला जस्ताचा रंग लावावा. जस्ताचा मुलामा पाहण्याची सोपी रीत आहे. तारेचा तुकडा त्याच जाडीच्या तारेभोवती गुंडाळावा. पापुद्रे सुटले तर माल हलका. आणि जाळीवर वेल चढवू नये. भिजलेली वेल वारा अडवते आणि सगळा भार खांबावर येतो.

शेवटची गोष्ट, जी खरे तर पहिली करायला हवी. बांधावरून अंदाजाने दोरी धरून खांब रोवू नयेत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा, लगतच्या खातेदारांसमोर खुणा कायम करून घ्याव्यात आणि मोजणीच्या नकाशाची नक्कल घरात ठेवावी. सातबारावर क्षेत्र असते, हद्दीची रेघ नसते. वहिवाटीची वाट कुंपणात घेतली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. मग सिमेंटमधले खांब उपटण्याची मजुरीही आपलीच.

भावाभावांत आणि शेजाऱ्यांत हातभर जमिनीवरून वर्षानुवर्षे बोलणे बंद झालेली घरे दोन्ही तालुक्यांत आहेत. वकिलावर झालेला त्यांचा खर्च कुंपणाच्या कितीतरी पट असतो. म्हणून क्रम ध्यानात ठेवावा : आधी मोजणी, मग शेजाऱ्याशी दोन शब्द, मग काट्यावर माल आणि सर्वांत शेवटी खड्डा.