प्रीअँपमधला फरक खरंच ऐकू येतो का? डोळे झाकून केलेली एक तपासणी

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, लोकलमध्ये नेटवर्क गेलं, किंवा ज्यांना मुळात वाचायलाच आवडतं, त्या सगळ्यांसाठी या भागाचं हे लेखी रूप. मधल्या गप्पा थोड्या छाटल्यात, आकडे मात्र सगळे ठेवलेत. कारण बऱ्याच जणांनी मेसेज केला होता की आकडे ऐकताना डोक्यावरून जातात.

आजचा विषय प्रीअँप. तुमच्यापैकी बहुतेकांनी ही वस्तू पाहिलेलीही नसेल. तुम्ही फोनवर ऐकता, मीही दिवसाचे आठ तास ऑफिसमध्ये हेडफोनवरच असतो. पण यातून जी गोष्ट समजते ती तुमच्या पुढच्या इअरफोनच्या खरेदीलाही लागू पडते, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

प्रीअँप करतो तरी काय?

तीन कामं. एक, कुठलं यंत्र वाजवायचं ते निवडणं. दोन, आवाज कमी-जास्त करणं. तीन, सिग्नल पुढच्या पॉवर अँपला नीट पोचेल इतका दमदार करणं. स्पीकर हलवायची खरी ताकद पॉवर अँपची, प्रीअँप त्याच्या आधी बसतो.

पूर्वी हे तिसरं काम फार मोठं होतं. रेकॉर्ड प्लेअरच्या साध्या कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. शिवाय रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी आणि वरचे सूर वाढवलेले असतात. ते परत उलटं करायचं, त्यासाठी १९५४ पासून आरआयएए नावाचा ठरलेला वक्र आहे. हे सगळं करायला चांगला प्रीअँप लागायचाच.

१९८२ मध्ये सीडी आली आणि चित्र बदललं. सीडी प्लेअर किंवा आजचा डॅक थेट साधारण २ व्होल्ट देतो. आणि घरगुती पॉवर अँपला पूर्ण आवाजासाठी किती लागतात? एक साधं गणित करू. ८ ओहमच्या स्पीकरला ६० वॉट द्यायचे तर सुमारे २२ व्होल्ट लागतात. पॉवर अँप सिग्नल २० पट करत असेल, तर त्याला आत जेमतेम १.१ व्होल्ट पुरतात. म्हणजे डॅककडे गरजेपेक्षा जास्तच आहे! प्रीअँपने खरं तर सिग्नल वाढवायचा नसून कमी करायचा आहे. मग त्यासाठी लाखो रुपये का मोजायचे? हा प्रश्न नुसता चर्चेचा नव्हता, आमच्या एका मित्राच्या एफडीचा होता.

पुण्यातला एक रविवार

मित्र आयटीतलाच. डीलरकडून एक ट्रान्झिस्टर प्रीअँप घरी ट्रायलवर आणलेला, किंमत साधारण साडेचार लाख. सोमवारी पैसे भरायचे किंवा डबा परत करायचा. पैसे कुठले? आईबाबांच्या आजारपणासाठी म्हणून बाजूला ठेवलेली एफडी. वहिनींचं म्हणणं एकदम स्पष्ट होतं: "फरक असेल तर घे, माझी ना नाही. पण डोळे झाकून सांगता आला पाहिजे." मला वाटतं इतकी चांगली टेस्ट रिक्वायरमेंट मला कुठल्या क्लायंटनेही दिलेली नाही.

तिथे तीन डबे होते. ब्रँडची नावं घेत नाही, मुद्दा ब्रँडचा नाहीच.

पहिला, तो साडेचार लाखांचा ट्रान्झिस्टरवाला. दुसरा, एका सोबत्याने आणलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, साधारण तीन लाखांचा. आणि तिसरा, एका पत्र्याच्या डब्यात १० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट आणि चार सॉकेट. याला पॅसिव्ह प्रीअँप म्हणतात. वीज लागत नाही, आत अँप्लिफायरच नाही. खर्च काही हजार.

मी पोचायच्या आधी मंडळींचा एक राउंड झाला होता आणि निकालही लागला होता. साडेचार लाखांचा पहिला, "स्टेज मोठा वाटतो, तानपुरा खोलीभर पसरतो". व्हॉल्व्हचा दुसरा, "गायकाचा आवाज पुढे येतो, मोकळा वाटतो". पॅसिव्ह शेवटचा, "जीव नाही".

आधी आवाज सारखा करा

मी बॅगेतून मल्टिमीटर काढला. डॅकवर ४०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजलं. मंडळींनी कानाने "सारखा" लावलेला आवाज सारखा नव्हता. महागडा डबा पॅसिव्हपेक्षा ०.९ डेसिबलने मोठा होता.

०.९ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये जवळपास ११ टक्के. गंमत अशी की इतका फरक आपल्याला "मोठा आवाज" म्हणून कळत नाही, "चांगला आवाज" म्हणून कळतो. याचं एक कारण कानातच आहे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज कमी असताना आपल्याला खालचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून जो डबा थोडा मोठा वाजतो तो आपोआप भरलेला आणि श्रीमंत वाटतो.

म्हणून पहिला नियम: तुलना करायची तर दोन्हींचं व्होल्टेज ०.१ डेसिबलच्या आत जुळलं पाहिजे. आम्ही २.०० व्होल्टवर लावलं, १.९८ ते २.०२ च्या बाहेर जाऊ दिलं नाही. महागड्या डब्याचा व्हॉल्यूम अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी चढतो, त्यामुळे तो आधी पक्का केला आणि बाकीचे दोन त्याला जुळवले.

मग डोळे झाका

दुसरा नियम: कुठला डबा वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी लाऊडस्पीकरवर हे करून पाहिलं. त्याच लोकांना तेच स्पीकर आधी दाखवून आणि मग लपवून ऐकवले, तर गुण बदलले. ऐकण्याचा अनुभव असलेली माणसंही सुटली नाहीत. हा कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, मेंदू डोळ्यांचं ऐकतोच.

आमची पद्धत अशी. डॅकचा सिग्नल दोन डब्यांना एकदम दिला आणि दोघांची आउटपुट एका स्विचवर आणली. वहिनी सोफ्यामागे स्विच घेऊन बसल्या. आधी मित्राला "हा अ", "हा ब" असं हवं तितकं ऐकवायचं. मग वहिनी नाणं उडवणार, छापा आला तर अ, काटा आला तर ब, आणि तो "क्ष" म्हणून लावणार. क्ष म्हणजे अ की ब, एवढंच मित्राने कागदावर लिहायचं. असे १६ राउंड. या पद्धतीला एबीएक्स म्हणतात. काटेकोर प्रयोगात स्विच करणाऱ्यालाही उत्तर माहीत नसतं. आमच्याकडे वहिनींना माहीत होतं, म्हणून त्यांनी मागे बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही.

१६ का? कारण नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिली तरी साधारण ८ बरोबर येतात. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता निव्वळ नशिबाने ४ टक्क्यांहून कमी. म्हणून १२ ही आमची पास होण्याची रेघ, आणि ती आधीच ठरवली. निकाल बघून रेघ सरकवायची नाही!

गाण्यासाठी तानपुरा आणि तबल्याचं रेकॉर्डिंग निवडलं. तानपुरा सलग वाजतो, त्यात वरचे स्वर भरपूर, त्यामुळे स्विच मारताक्षणी फरक पकडता येतो. आणि तबल्याचा डग्गा खालच्या सुरांसाठी.

निकाल

महागडा विरुद्ध पॅसिव्ह: १६ पैकी ९. नशिबाने एवढे किंवा जास्त येण्याची शक्यता ४० टक्के. म्हणजे नापास.

मधे चहा-पोहे झाले, कान थकतात हो.

व्हॉल्व्ह विरुद्ध पॅसिव्ह: १६ पैकी १५! हे नशिबाने सुमारे चार हजारांत एकदा होईल. म्हणजे फरक होता, खराखुरा. व्हॉल्व्हवाला सोबती खूश. "बघ, ट्यूबची ऊब!"

पण फरक आहे हे एक, आणि तो कशामुळे आहे हे दुसरं. बग सापडला तर आपण काय करतो? लॉग बघतो. मी टेस्ट टोन ४०० वरून ४० हर्ट्झवर आणला. पॅसिव्ह: २.०० व्होल्ट, हलला नाही. व्हॉल्व्ह: १.५४ व्होल्ट. म्हणजे खालचा सूर सव्वादोन डेसिबलने कमी.

कारण असं. व्हॉल्व्हच्या आत शंभराहून जास्त डीसी व्होल्ट असतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून आउटपुटला एक कपॅसिटर लावतात. हा कपॅसिटर आणि पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स मिळून एक गाळणी तयार होते, जी खालचे सूर अडवते. या प्रीअँपमध्ये ०.४७ मायक्रोफॅरड होता आणि मित्राच्या पॉवर अँपचा इनपुट १० किलोओहम. गणित केलं तर गाळणी ३४ हर्ट्झच्या आसपास लागते. प्रीअँपच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच होतं की पुढे किमान ४७ किलोओहम हवेत. तिथे हीच गाळणी ७ हर्ट्झवर जाते आणि कानाला काही कळत नाही.

खात्री करायला घरातला जुना पॉवर अँप लावला, त्याचा इनपुट १०० किलोओहम. ४० हर्ट्झला १.९९ व्होल्ट. परत १६ राउंड, व्हॉल्व्ह विरुद्ध पॅसिव्ह: १०. नापास. ऊब गेली! म्हणजे मित्र जे ओळखत होता ते काचेच्या नळीचं वैशिष्ट्य नव्हतं, दोन यंत्रांचं न जुळणं होतं.

मग "मोकळा आवाज" कुठून आला?

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. बास कमी झाला तर लोकांना तो चांगला का वाटला? कारण खोली १२ फूट लांब आहे. अशा खोलीत समोरच्या आणि मागच्या भिंतीमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो आणि घुमतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे जिथे घुमणं सगळ्यात जास्त तिथेच डोकं. त्या व्हॉल्व्ह प्रीअँपने चुकून नेमका तोच घुमणारा भाग थोडा कापला, आणि गायकाचा आवाज मोकळा वाटला.

सोफा दोन-अडीच फूट पुढे ओढला. पॅसिव्ह डबा, मूळ पॉवर अँप, तेच रेकॉर्डिंग. डग्गा एकदम आटोपशीर झाला. हा फरक ओळखायला कोणाला नाणं उडवावं लागलं नाही. खर्च शून्य.

डबा सोमवारी परत गेला. एफडी जागेवर आहे.

आता थोडं सांभाळून

१६ पैकी ९ म्हणजे "सगळे प्रीअँप सारखेच" असं सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं की या खोलीत, या माणसाला, या यंत्रांबरोबर फरक पकडता आला नाही. पॅसिव्ह डबाही सगळीकडे चालत नाही. दहा-पंधरा मीटर केबल असेल, रेकॉर्ड प्लेअर असेल, किंवा पॉवर अँपला जास्त व्होल्ट लागत असतील तर खरा प्रीअँप हवाच. शिवाय महागड्या डब्यात रिमोट असतो, जास्त इनपुट असतात, बांधणी देखणी असते. त्यासाठी पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजा. फक्त ते रिमोटसाठी आणि देखणेपणासाठी मोजतोय हे माहीत असू द्या.

तुमच्यासाठी, फोनवर ऐकणाऱ्यांसाठी

दोन डाँगल किंवा दोन अ‍ॅप यांची तुलना करायची असेल तर:

१. आधी आवाज जुळवा. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये नॉर्मलायझेशन नावाचं सेटिंग असतं. दोन अ‍ॅपची तुलना करताना एकात ते चालू आणि दुसऱ्यात बंद असेल तर तुलना तिथेच संपली.

२. बदलायचं काम दुसऱ्याला द्या. भाऊ, बहीण, रूममेट, कोणीही. नाणं त्यांच्या हातात.

३. किमान १६ राउंड, आणि पास व्हायची रेघ आधी ठरवा.

४. फरक सापडलाच तर कारण शोधा. बऱ्याचदा ते फुकटात दुरुस्त होतं.

५. बजेट कमी असेल तर पैसे इअरफोनवर किंवा स्पीकरवर घाला. विजेचं हवेत रूपांतर तिथे होतं, आणि तिथले फरक इतके मोठे असतात की ते बहुतेक वेळा लगेच कळतात.

तुम्ही घरी अशी टेस्ट केलीत तर १६ पैकी किती आले ते नक्की कळवा. ८ आले तरी कळवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमचे पैसे वाचले, असं समजा. भेटू पुढच्या भागात!