सातबारा : दोन तक्ते, एक उत्तर

औसा तालुक्यातील शेतकऱ्यांच्या घरी सातबारा जपून ठेवलेला असतो. तो तुम्ही नीट पाहिला आहे काय? त्यात दोन तक्ते असतात. जमीन कोणाची, हे गाव नमुना सात सांगतो. तिच्यात पीक कोणते, हे गाव नमुना बारा. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक.

आता संगणकाला विचारू : सोयाबीन कोणाकोणाच्या जमिनीत आहे? नावे एका तक्त्यात, पिके दुसऱ्यात. संगणक गट क्रमांक जुळवून ओळींना ओळी जोडतो. अशा संबंधित तक्त्यांची कल्पना ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडली.

पण सावधान! गट क्रमांक ४५ औशात असेल, तसा शेजारच्या गावातही असू शकतो. गाव जुळवले नाही, तर एकाचे पीक दुसऱ्याच्या नावे दिसेल. मग नुकसानभरपाई कोणाला मिळणार? म्हणूनच महाभूलेख संकेतस्थळावर आधी जिल्हा, तालुका व गाव निवडावे लागते.

आणि जुळवणीची अटच विसरलात, तर ३ ओळी व ४ ओळी यांच्या १२ जोड्या होतील! वहीत दोन तक्ते आखा आणि स्वतः पडताळून पाहा.