खाडा भरून निघतो, माणूस नाही

आषाढातली संध्याकाळ. बाहेर पाऊस कोसळतो आहे. घरचा कर्ता डबा घेऊन तिसऱ्या पाळीला निघाला आहे. रस्त्यावरच्या ओढ्याला पाणी आल्याचे शेजारी सांगतात. घरातली बाई म्हणते, "आज नका जाऊ." तो म्हणतो, "खाडा पडला तर ठेकेदार उद्या दुसरा माणूस घेईल." पिंपरी, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांत असे बोलणे दर पावसाळ्यात होते. म्हणूनच वाचक बंधु-भगिनींशी या विषयावर चार शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटले.

पहिली गोष्ट ही की, आपल्याकडचा पूर आपल्या डोक्यावरच्या पावसानेच येतो असे नाही. पवना, मुळा, इंद्रायणी या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या घाटातून येतात. मावळ-मुळशीत धो धो पाऊस झाला की धरणे भरतात, पाणी सोडावे लागते आणि पिंपरीत उघडीप असतानाही नदीकाठच्या घरांत पाणी शिरते. म्हणून हवामान खात्याचा इशारा ऐकताना पुणे शहराचाच नव्हे, घाटमाथ्याचा रंगही विचारावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला.

धरणातून अमुक क्युसेक पाणी सोडले, असे सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लीटर. १० हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला १० हजार लीटरचे २८ टँकर! हा हिशेब मुलांनाही शिकवावा.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याच्या पाण्याने पुण्याची एकतानगरी बुडाली. इशारा वेळेवर मिळाला नाही, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत वाढत्या पाण्यातून हातगाडी हलविताना विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. पोटाची गाडी वाचवायला गेलेली ती माणसे होती. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर आंबिल ओढ्यासारखे लहान ओढेच फुटून वाहिले आणि पुणे परिसरात २० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा ओढा लहान म्हणून त्याला कमी लेखू नये.

रस्त्यावर काय करावे? घोट्याच्या वर, सहा इंच वाहते पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलते. एक फूट पाणी लहान मोटार तरंगवते आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते. मग आपल्या दुचाकीची काय कथा? पुलावरून पाणी चालले असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपण घालू नये. खाली रस्ता खचला आहे की चेंबरचे झाकण वाहून गेले आहे, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. गाडी बंद पडली तर ती सोडून माघारी फिरावे. विजेचा खांब, डीपी, तुटलेली तार यांच्यापासून दूर राहावे. पाणी घरात शिरण्याआधी, हात-पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करावा. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आधीच बांधून ठेवावीत. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक दाराच्या मागे लिहून ठेवावेत.

पण आमच्या मते खरा प्रश्न खाड्याचा आहे. रोजंदारीवरच्या माणसाला "घरी बस" म्हणणे सोपे. चूल कशी पेटणार? यावर एकच उपाय आहे. पाणी दारात आल्यावर एकट्याने विनवण्या करण्याऐवजी, पावसाळ्यापूर्वीच पाळीतल्या सर्वांनी सह्यांचा अर्ज द्यावा: लाल इशारा असेल किंवा रस्ता बंद असेल त्या दिवशी गैरहजेरी धरू नये. वस्तीनेही मागणी करावी की, पाणी सोडण्यापूर्वी आपल्या गल्लीत भोंगा फिरलाच पाहिजे. वेळेवर इशारा मिळणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. आणि तो मिळाल्यावर वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत, परगावाहून आलेल्या भाडेकरूंपर्यंत तो पोहोचवणे हे आपले काम आहे.

एका दिवसाची मजुरी पुढच्या महिन्यात भरून काढता येते. म्हणून दारातली बाई जेव्हा "आज नका जाऊ" म्हणते, तेव्हा तिचे ऐकावे. घरातला तोच पहिला इशारा असतो.