काम काय करायचात?

केमिकल कंपनीतली नोकरी सुटते, पण तिथला आजार वीस वर्षांनी गावच्या घरी येऊन गाठू शकतो. लोटे, तारापूर किंवा गोव्यात जॉइन व्हायच्या तयारीत असलेल्या दोस्तांसाठी, शेजारच्या अण्णांची गोष्ट.

आमच्या मालवणात केमिकल कंपनी नाही. समुद्र आहे, किल्ला आहे, स्कुबा आहे आणि सीझनला पार्किंगची मारामारी आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. कारखान्यांचा धूर हा वरच्या रायगड-रत्नागिरीचा प्रश्न, आपला नाही, असं आपण धरूनच चालतो. पण केमिकल कामगार मात्र आपल्याकडे आहेत. चाकरमानी म्हणून गेले आणि रिटायर होऊन परत आले.

आमच्या शेजारचे अण्णा त्यांतलेच. दहावीनंतर डोंबिवलीला गेले आणि मामाच्या ओळखीने कापडाचा रंग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. फिल्टर प्रेस उघडायची, आत जमलेला ओला रंग फावड्याने खरवडायचा, ट्रेमध्ये भरून सुकवायला पाठवायचा, हे त्यांचं काम. हातमोजे कधी मिळायचे, कधी नाही. सुकलेला रंग दळताना नाकावर रुमाल बांधायचा.

“चेडवा, आंघोळ केल्यार पण टुवालो लाल होयचो,” अण्णा हसत सांगतात. काकी हसत नाहीत. तो टॉवेल आणि कंपनीचे कपडे त्याच धुवायच्या.

कंपनी सोडून अण्णा गावी आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. एक दिवस लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी झालं, शहाळी झाली. रक्त थांबलं. दोन महिन्यांनी परत आलं. मग दवाखाना, मग मुतखड्याच्या गोळ्या. परत थांबलं, परत आलं. असे आठ महिने गेल्यावर मुलाने त्यांना बांबोळीला नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरने बिडी-तंबाखूचं विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारला. “आजोबा, काम काय करायचात?”

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. आधी कोणाला कंपनीबद्दल का सांगितलं नाही, असं मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “माका कोणी इचारल्यानच नाय, तर मी काय सांगतलंय?”

प्रश्न तीनशे वर्षं जुना

डॉक्टरने पेशंटला त्याचं काम विचारावं, हे काही नवीन नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरने 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. पेशंटला नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत ‘तुझा धंदा काय?’ हा प्रश्नही घाला, असं त्याने त्यात सांगितलं. या विषयाची सुरुवातच त्याच्यापासून मानतात.

रंगाच्या कारखान्याचा आणि मूत्राशयाचा संबंध 1895 मध्ये दिसला. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन नावाच्या सर्जनला मूत्राशयाच्या गाठीचे काही पेशंट एकाच प्रकारच्या रंग कारखान्यातले आढळले. पण त्याच्याकडे मोजकेच पेशंट होते. पक्का पुरावा यायला 1954 उजाडलं. ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 21 कंपन्यांमधल्या साडेचार हजारांहून जास्त कामगारांची माहिती जमवली आणि मृत्यूच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारख्या रसायनांशी काम केलेल्यांत हा कॅन्सर कितीतरी जास्त होता. तो उगवायला सरासरी वीसेक वर्षं लागत होती.

असं का होतं? ही रसायनं श्वासातून जातात तशी कातडीतूनही शरीरात जातात. लिव्हर त्यांचं रूप बदलतं, किडनी ती लघवीत सोडते आणि लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहते. तिथल्या पेशींना वर्षानुवर्षं हाच मारा बसतो.

या संशोधनाने मला एका गोष्टीसाठी थांबवलं. त्याचं मुख्य साहित्य होतं कामगारांची यादी. कोण कुठल्या खात्यात होतं, किती वर्षं होतं आणि पुढे त्याचं काय झालं. ही यादी होती म्हणून पुरावा मिळाला, आणि पुरावा मिळाला म्हणून पुढे ही रसायनं अनेक देशांत बंद झाली. भारतातही बेंझिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर नव्वदच्या दशकात बंदी आली.

अण्णांचं नाव अशा कुठल्याच यादीत नाही. कंपनी केव्हाच बंद पडली. ड्रमवर काय लिहिलेलं असायचं, ते त्यांना आठवत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अण्णा बिडीही ओढायचे. बिडी-सिगारेट हे या कॅन्सरचं मोठं कारण आहे. त्यामुळे त्यांना तो बिडीने झाला, रंगाने झाला की दोन्हींनी, हे आज कोणीच सांगू शकत नाही. बिडी सापडली की पुढचा प्रश्न राहून जातो, एवढं मात्र खरं.

कायदा काय म्हणतो

भोपाळची वायुगळती 1984 ची. तिच्यानंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची तपासणी कामावर घेण्याआधी करायची, काम चालू असताना करायची आणि ते काम सोडल्यावरसुद्धा करायची, दर बारा महिन्यांच्या आत, असं त्यात आलं. ‘सोडल्यावरसुद्धा’ हे मी दोनदा वाचलं. कामगाराच्या आरोग्याची नोंद कंपनीने ठेवायची आणि ती कामगाराला बघता आली पाहिजे, हेही त्यात होतं.

डॉक्टरांचीही जबाबदारी आहे. कायद्याच्या परिशिष्टात 29 आजारांची यादी होती. शिसं, पारा, बेंझीनची विषबाधा, क्रोमियमचे व्रण, सिलिकोसिस, कामामुळे होणारा कॅन्सर असे आजार त्यात होते. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसात यांपैकी काही आढळलं, तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचं. कळवलं नाही तर त्या कायद्यात दंड किती होता? जास्तीत जास्त एक हजार रुपये. आता या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. आरोग्याच्या नोंदी आणि आजार कळवणं या दोन्ही गोष्टी तिच्यातही आहेत.

देशात या विषयावर संशोधन करणाऱ्या संस्था आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. पण संशोधकांना कामगार सापडतो तो कंपनीच्या गेटच्या आत. कंत्राटी कामगार दोन वर्षांत तीन कंपन्या बदलतो, मग आंब्याच्या सीझनला गावी येतो, कधी कायमचाच येतो. त्याची नोंद कुठल्या गेटवर शोधायची?

म्हणून मला वाटतं, तो प्रश्न गावच्या दवाखान्यात विचारला गेला पाहिजे. ओरोसला आता आपलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. केसपेपरवर ‘पूर्वीचं काम’ अशी एक ओळ छापायला किती खर्च येईल?

दूध, गूळ आणि मास्क

माझा एक मित्र बीएस्सी केमिस्ट्री आहे. पुढच्या महिन्यात तो लोट्याला एका कंपनीत जॉइन होतोय. गेल्या आठवड्यात तो अण्णांकडे पाया पडायला आला होता. अण्णांनी त्याला विचारलं, “दूध देतत मां?” त्यांच्या कंपनीत रोज दूध आणि गूळ मिळायचा. तेवढ्याने सगळं धुऊन निघतं, असा सगळ्यांचा समज होता.

दूध-गूळ पौष्टिक आहे, पण रक्तात गेलेलं रसायन तो बाहेर काढत नाही. खरा बचाव वेगळाच असतो. पहिला उपाय म्हणजे घातक रसायन वापरायचंच नाही, त्याच्या जागी कमी घातक शोधायचं. ते जमलं नाही तर प्रक्रिया बंद पाइप-टाकीत करायची, म्हणजे माणसाला फावडं धरावंच लागत नाही. मग जिथे धूळ-वाफ निघते तिथूनच ती खेचून घेणारा पंखा. मास्क आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवातच मास्कपासून होते. त्यातही धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी योग्य कार्ट्रिज लागतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं.

‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’ हाही गैरसमजच. हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की वास घ्यायची शक्तीच मारतो. वास गेला, म्हणजे वायू गेला असं नाही.

आणि काकींचा टॉवेल विसरू नका. कामाचे कपडे कंपनीतच बदलावे, कंपनीनेच धुवावे. घरी येताना रसायन अंगावरून येतं आणि घरातल्यांनाही लागतं.

जॉइन होताय? मग हे करा

* रोज हाताळणाऱ्या प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट मागा. तिचे सोळा भाग असतात. सगळं नाही वाचलं तरी आठवा (बचाव कसा करायचा) आणि अकरावा (शरीरावर काय परिणाम होतो) वाचाच.
* कामावर रुजू होतानाच्या मेडिकलची प्रत घ्या. पुढच्या तपासणीतला फरक तिच्याशीच तुलना करून कळतो.
* तपासणी कामाला साजेशी आहे का, ते विचारा. शिशाचं काम असेल तर रक्तातलं शिसं, धूळ असेल तर फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी, ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं असतील तर रक्तातलं कोलिनएस्टरेज. नुसतं वजन आणि बीपी पुरेसं नाही.
* सुट्टीवर गेल्यावर बरं वाटतं आणि कामावर आलं की खोकला, खाज, डोकेदुखी परत सुरू होते, असं असेल तर ते डॉक्टरला सांगा.
* एक वही करा. तारीख, कंपनी, खातं, रसायनाचं नाव. मोबाइल बदलतो, वही राहते.
* गावी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर त्याने विचारलं नाही तरी पहिल्यांदा काम सांगा. घरातल्या निवृत्त माणसांनाही हे सांगा. लघवीतून रक्त एकदाच गेलं आणि दुखलं नाही, तरीही दाखवा.

अण्णांची गाठ वरच्या थरातच होती, दुर्बिणीने काढता आली. आता ठरल्या तारखांना तपासणीला जावं लागतं. गाठ परत येऊ शकते, हे त्यांना माहीत आहे. परवा माझा मित्र निघाला तेव्हा त्यांनी नातवाची एक कोरी वही त्याच्या हातात ठेवली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या कंपनीचं नाव लिहिलं होतं, खातं लिहिलं होतं आणि वर्षं. रसायनाच्या नावाची जागा मोकळी होती.

“माझा रवला,” ते त्याला म्हणाले. “तुझा तू लिहून ठेव.”